भिंतीवरची वाकडी रेघ

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज सकाळच्या चहाला उमाने जाहीर केलं की तिला घरातच, भिंतीवर सिनेमा बघायचा आहे. गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, हे खरं. पण "अल्ट्रा शॉर्ट थ्रो लेझर प्रोजेक्टर" हे सबंध नाव तिने न अडखळता घेतलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की यामागे अनीश आहे. चिरंजीव बदलापूरजवळ सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून आमच्या टीव्हीकडे कोणत्या नजरेने बघतात ते मला माहीत आहे. इथे प्रोजेक्टर आला की टीव्ही आपोआप बदलापूरला जाणार.

मी म्हटलं, बघू.

उमा म्हणाली, "तुमचं बघू म्हणजे सहा महिने. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बायकांना सिनेमा दाखवायचाय. तेवढं लक्षात ठेवा."

दुपारी माहिती काढली. नेहमीचा प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला टांगावा लागतो. हा भिंतीपासून वीतभर अंतरावर टेबलावर बसतो आणि तिरपा वर प्रकाश टाकून शंभर इंचांचं चित्र काढतो. इतका तिरपा प्रकाश म्हटल्यावर भिंतीला जरासा फुगवटा असला तरी चित्रातली सरळ रेघ वाकणार. हे जाहिरातीत कोणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही.

खरेदी मी करणार आणि माझ्या पद्धतीने. अंबरनाथच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं इन्स्पेक्शन केलं. शाफ्ट उजव्या डोळ्यासमोर धरला की बाक किती ते मी गेज लावायच्या आधी सांगायचो. पास होईपर्यंत प्रत्येक नग खोटा, हा माझा नियम. कामगार पाठीमागे भिंगवाले साहेब म्हणायचे. रागाने म्हणायचे, पण मला ते आवडायचं. बाकी माझ्याकडे ना गोड बोलणं, ना ओळखीपाळखी. डोळा तेवढा आहे, आणि त्याच्यावर मी आयुष्य काढलं.

१२ नोव्हेंबर

उल्हासनगर, कॅम्प तीन. दुकानदाराचं नाव अल्पेश, वय पस्तिशीचं, हसरा. हसऱ्या विक्रेत्यापासून मी चार हात लांब उभा राहतो.

"या साईं, बसा अंकल. चहा की थंडा?"

मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन त्याने मासे दाखवले. निळे, पिवळे, सगळी भिंत भरून मासे. मला मासेच का दाखवतो ते मी लगेच ओळखलं. माशाच्या अंगावर एकही सरळ रेघ नसते. खोट कळणार कशी? मी खिशातला पेन ड्राइव्ह काढला. त्यात बातम्या, क्रिकेट आणि पांढरा कोरा कागद, एवढंच होतं.

"अंकल, कोरा कागद कोण बघतो टीव्हीवर?"

"मी बघतो."

तीन यंत्रं निवडली. नावं इथे लिहीत नाही, ही वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. क, ख, ग म्हणू. क मध्ये एकच लेझर आणि फिरती रंगीत चकती. ख आणि ग मध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन लेझर. खोक्यावर उजेडाचे आकडे छापलेत ते त्यांच्या घरचे. माझ्याकडे कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेलं उजेडाचं मीटर आहे, ते मी भिंतीला लावणार. अल्पेश म्हणाला, एकेक करून घरी घेऊन जा, आठ-आठ दिवस वापरा, नाही आवडला तर परत. इतकं औदार्य कशापायी, हे शोधायला हवं.

१६ नोव्हेंबर

वर्तमानपत्राची छपाई बिघडली आहे. ओळीच्या मधोमध एखाद-दुसरं अक्षर पुसट येतं, कुठे कुठे तर शाईच नाही. पेपरवाल्याला सांगितलं. तो म्हणतो बाकी कुणाची तक्रार नाही. बाकी कुणी वाचत नसतील.

स्कूटरच्या उजव्या बाजूला ओरखडा. पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलंय. सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लावली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

क घरी आला. टेबल भिंतीपासून बावीस सेंटिमीटरवर घेतलं. उजेड खोक्यावरच्या आकड्यापेक्षा बराच कमी भरला, तो भरणारच होता. पंख्याचा आवाज उमाच्या मिक्सरइतका नाही, पण गप्पही नाही. मान पटकन वळवली की पांढऱ्या अक्षरांच्या कडेला तांबडी-हिरवी चमक दिसते, हा त्या फिरत्या चकतीचा दोष. दिवसा खिडकी उघडी ठेवूनही चित्र दिसतं, हा गुण.

मग यंत्रातली तपासणीची जाळी लावली. सगळ्या यंत्रांत ती असते. काळ्यावर पांढऱ्या आडव्या-उभ्या रेघा आणि मध्यभागी एक ठिपका. चित्र चौकोनी बसलं का ते त्यावरून बघतात.

मधोमध रेघा वाकलेल्या. पाण्यात काठी दिसते तशा. ठिपकाही पुसट.

उमाला बोलावलं.

"सरळच आहेत की," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नीट बघितलं. अहो, किती सरळ हव्यात? रांगोळीचे ठिपकेसुद्धा मी इतके सरळ काढत नाही." आणि पोळी करपेल म्हणून आत गेली.

तिला यंत्र हवंय. ती सरळच म्हणणार.

२३ नोव्हेंबर

भिंतीवर संशय. पालेगावच्या महिपतीला बोलावलं. पूर्वी शेती करायचा. पालेगावात इमारती उठायला लागल्या तसा गवंडीकामाला लागला आणि त्यात नाव काढलं. आमच्या सोसायटीतली अर्धी घरं त्याच्या हातची. भिंतीवर तळहात फिरवून म्हणाला, "सायेब, बारीक फुगवटा हाय, पन तो वर पंख्याजवल. मधी काय नाय."

मी सांगितलं, सबंध भिंत घासून नवीन पुट्टी भर. चार दिवस घरभर पांढरी धूळ. उमा एका शब्दाने बोलली नाही, म्हणजे ती चिडली आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

भिंत वाळली. क परत दिला, ख आणला. रंग काय विचारता, उमाच्या पैठणीच्या काठासारखे. पण फिक्या आभाळात बारीक चमचम दिसते, साखर सांडल्यासारखी. तीन लेझरवाल्यांत ती असते म्हणे.

जाळी लावली. नवीन भिंत, दुसऱ्या कंपनीचं यंत्र, आणि बाक तोच.

आता एक चमत्कारिक गोष्ट. ठिपक्याकडे बघितलं तर ठिपक्यापाशी वाकतं. डाव्या कोपऱ्याकडे बघितलं तर मधलं सरळ होतं आणि कोपरा वाकतो. जिथे बघावं तिथेच वाकतं. जणू मी कुठे बघतोय ते त्याला ठाऊक आहे.

पुस्तिका काढली. छपाई भिकार, भिंग घेऊन वाचली. यंत्राला पुढे सेन्सर आहे. कुणी जवळ गेलं तर डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून उजेड आपोआप कमी करतो. म्हणजे यंत्र माणसाकडे बघतं, हे कंपनीने स्वतःच कबूल केलं आहे. सेन्सरवर पुठ्ठा लावून बघितलं. उजेड मंदावला, बाक तसाच.

३ डिसेंबर

संध्याकाळी उमाला मागे बसवून स्कूटरवरून मंडईत निघालो होतो. शाळेच्या कोपऱ्यावर एक मुलगी कुठूनशी एकदम समोर उगवली. मी करकचून ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं. मुलं हल्ली रस्ता बघत नाहीत. उमा उतरली आणि म्हणाली, "ती मुलगी केव्हाची समोरून चालत येत होती. पिवळा रेनकोटासारखा शर्ट होता तिचा." गुडघे दुखत असून ती घरापर्यंत चालत आली. रिक्षासुद्धा केली नाही.

४ डिसेंबर

स्कूटरची किल्ली खिळ्यावर नाही. उमा म्हणते तिला माहीत नाही. खोटं बोलताना ती पदर खांद्यावर सारखा करते, चाळीस वर्षं बघतोय.

शिवाय तिने कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझं नाव लावलं आहे, मला न विचारता. म्हणे, "आज चहा ओतलात तो बशीत पडला. परवा पण." पातेल्याची चोच वाकडी आहे. मी जाणार नाही म्हणून सांगितलं. एकतीस वर्षं ज्या डोळ्याने कंपनी चालली तो डोळा मी चष्मे विकणाऱ्यांसमोर नेऊन बसवणार नाही.

ती बाल्कनीत अनीशशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी गेलो तर म्हणाली, "बरं, ठेवते."

७ डिसेंबर, रविवार

आज मोठं काम केलं. यंत्रात रेघा सुधारायची सोय असते. जाळीवरचे चौसष्ट बिंदू, एकेक बिंदू रिमोटने इकडेतिकडे सरकवायचा. तीन तास बसलो. ठिपक्यावरून नजर न हलवता सगळ्या रेघा सरळ केल्या. जेवायला अनीश आला होता. दोघांना बसवून बातम्या लावल्या.

उमा हसायला लागली. "अगंबाई, हिचं नाक कुठे चाललंय?"

अनीश म्हणाला, "बाबा, ये क्या किया? मधलं सगळं टेढा झालंय, यार."

मग उमाचं हसू थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला ते बघणं आवडलं नाही.

मी रीतसर चाचणी घेतली. जाळी चार वेळा लावली, कधी मूळ, कधी सुधारलेली, क्रम उलटसुलट. दोघांना वेगवेगळं बसवून, कुठे वाकलंय ते कागदावर खूण करायला लावली. दोघांच्या खुणा तंतोतंत जुळल्या. मी जी सरळ म्हणतो ती त्यांना वाकडी, मी जी वाकडी म्हणतो ती सरळ. कारखान्यात दोन इन्स्पेक्टरांची रीडिंग इतकी जुळली तर त्याचा अर्थ एकच, एकाने दुसऱ्याची वही बघितली. मी तसं बोलूनही दाखवलं.

अनीश म्हणाला, "बाबा, आम्ही तुम्हाला फसवून काय मिळवणार?"

"टीव्ही," मी म्हणालो.

तो न जेवता गेला. उमाने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि ते तसंच राहिलं.

१० डिसेंबर

ग आणला. काळा रंग काळा दिसतो, चमचम कमी, पंखा जवळजवळ मुका. तिघांत हा सरस आहे, हे लिहून ठेवतो. जाळी वाकडी. तीन कंपन्या, एकच खोट. म्हणजे आतला माल एकाच कारखान्याचा आणि वर पाट्या वेगळ्या.

रिक्षाने दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर बोललो. तीन डब्यांत एकच भंगार विकतोस म्हणालो. घरच्यांना फितवलंस असंही म्हणालो, ते कदाचित जास्त झालं.

अल्पेश हसला नाही. गिऱ्हाइकांकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अंकल, माझा फादरपण असाच बोलायचा. तुम्ही माल परत द्या, मी काय नाय बोलणार. पण घरवाल्यांचं नाव यात नका घेऊ."

गिऱ्हाइकांतला एकजण निघून गेला. मला समाधान वाटायला हवं होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

एकच आरोपी उरला होता, महिपती. मधल्या भागात पुट्टी कमी भरली असणार. सकाळी बोलावून तोंडावर सांगितलं.

तो खाली जाऊन सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन आला. पट्टी भिंतीला टेकवली, एक डोळा मिटला आणि कडेने बघितलं. पट्टी आणि भिंतीच्या मधून उजेड दिसला तर भिंत खोटी. आम्ही कारखान्यात हेच करायचो.

"सायेब, भित सरल हाय. तुमी बगा."

मी डावा डोळा मिटला. उजव्याने बघितलं. भिंत राहिली बाजूला, पट्टीच मध्ये वाकलेली.

"तुझी पट्टीच वाकडी आहे, महिपती. याने तू लोकांच्या भिंती करतोस?"

तेव्हाही त्याने आवाज चढवला नाही. पट्टी उचलली, कड पालटून उलटी फिरवली आणि पुन्हा टेकवली. ही खरी पद्धत. पट्टी खोटी असेल तर पोक दुसऱ्या अंगाला जायला हवं. मी किती पोरांना हे शिकवलं.

पोक हललं नाही. पट्टी वरखाली सरकवायला लावली. मी नजर नेईन तिथे ते येत होतं.

"सायेब," महिपती म्हणाला, "तुमी दुसऱ्या डोल्यानी बगा बरं."

उजवा मिटला. डाव्याने बघितलं.

पट्टी सरळ होती. भिंत सरळ होती. दोन्हींमध्ये केससुद्धा शिरला नसता इतकी सरळ.

स्वयंपाकघराच्या दारात उमा हात पुसत उभी होती. महिपती पट्टी कडेला ठेवून म्हणाला, "वैनी, जरा पानी द्या सायबाना."

१४ डिसेंबर

सकाळी जाळी लावली आणि एकेक डोळा हाताने झाकून बघितलं. डाव्याने चौकोन चौकोनासारखे. उजव्याने मधोमध रेघा एकमेकींत शिरतात, आणि जिथे ठिपका हवा तिथे करडा डाग आहे. ठिपका नाहीच.

दोन्ही डोळे उघडे असताना उजवाच पुढे येतो. एकतीस वर्षं त्यालाच पुढे केलं ना मी.

उमाला म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं हो. चहा सांडायला लागलात तेव्हा शंका आली. त्या रविवारी ते नाक बघितलं आणि खात्री झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. नाव लावलं. तुम्ही मला फितूर ठरवलंत."

कंपनीत दर वर्षी इन्स्पेक्टरांचे डोळे तपासायचे. नियमच होता. निवृत्त झाल्याला सात वर्षं झाली, मी एकदाही तपासले नाहीत. मीटर मात्र दर वर्षी ठाण्याला पाठवून तपासून आणतो.

मला भीती वाटते आहे. ती पिवळ्या शर्टाची मुलगी आठवली की तर फार वाटते. ती मला दिसलीच नव्हती, हे मी आज लिहितोय.

१६ डिसेंबर, मंगळवार

कल्याण. डॉक्टर तरुण, बोलायला मऊ, तरी मी संशय घेतला नाही. यंत्रांवर बसवण्याआधी त्यांनी हातात एक कार्ड दिलं. तळहाताएवढं, काळ्यावर पांढऱ्या आडव्या-उभ्या रेघा, मध्ये ठिपका.

मी हसलो असावा. उमाने माझा दंड धरला.

"डॉक्टर," मी म्हणालो, "ही जाळी मी महिनाभर शंभर इंचांवर बघतोय."

त्यांना आधी कळलं नाही. मग उमाने सगळं सांगितलं, भिंत, पुट्टी, चौसष्ट बिंदू. ते हसले नाहीत. डोळ्याच्या पडद्यामागच्या शिरा गळताहेत म्हणाले, पडद्याच्या अगदी मध्याला. सुई घ्यावी लागेल, दर महिन्याला, डोळ्यातच. पहिली आजच. "सुरुवात कधी झाली सांगता येईल?"

ही वही पिशवीत होती. सोळा नोव्हेंबर, पेपरची छपाई. त्यांनी तारीख लिहून घेतली.

"तेव्हाच आला असतात तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "गेलं ते सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. आहे ते धरून ठेवू. थोडं सुधारेलही. डावा चांगला आहे, पण रोज एकेक डोळा झाकून जाळी बघायची. विसरायचं नाही. आणि गाडी आता नको."

घरी येताना उमाने पर्समधून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती तिलाच परत दिली.

२१ डिसेंबर

अनीश जेवायला आला. मी त्याच्या ताटात स्वतः वाढलं. टीव्ही घेऊन जा म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, टीव्हीची साइज आमच्या हॉलमध्ये फिट पण होत नाही." इतके दिवस मी ते मापलंच नव्हतं.

नंतर तो मला अल्पेशच्या दुकानात घेऊन गेला. गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच सांगितलं की खोट मालात नव्हती, माझ्या डोळ्यात होती. अल्पेशने काउंटरबाहेर येऊन खुर्ची दिली. "साईं, बसा. चहा की थंडा?" या वेळी मी चहा घेतला.

महिपतीकडे पालेगावला जाऊन आलो. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही. म्हणालो, तुझी पट्टी सरळ आहे. तो म्हणाला, "म्हाईत हाय सायेब."

१८ जानेवारी २०२६, रविवार

यंत्र उमाने निवडलं. ग. कारण पंखा मुका आहे, बायकांना एकमेकींचं बोलणं ऐकू येतं. माझ्या वहीत हे कारण कुठेच नव्हतं. काल हळदीकुंकू झालं, अकरा बायका होत्या. सिनेमा अर्धाच बघितला, बाकी वेळ बोलल्याच. मी कोपऱ्यात तिळगूळ वाटत होतो.

दुसरी सुई बुधवारी झाली. दुखत नाही, पण सुई येताना दिसते, आणि ते मला रोज आठवतं.

रोज सकाळी चहाआधी भिंतीवर जाळी लागते. मी खुर्चीत बसतो, डावा डोळा झाकतो आणि ठिपका जिथे असायला हवा तिथे बघतो. उमा भिंतीशी बाजूला उभी राहून पेन्सिल सरकवते. तिच्या हाताची सावली छतापर्यंत जाते. "इथे वाकतं?" "हो." "इथे?" "हो." "इथे?" "नाही." अशी चारी बाजूंनी. सतरा डिसेंबरला तिने पहिल्यांदा बाक आखला तो जेवणाच्या ताटाएवढा होता. महिपतीने गुळगुळीत केलेल्या त्या भिंतीवर आता पेन्सिलीचे गोल आहेत, प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरांत तारीख. ती तारीख मला उजव्याने वाचता येत नाही.

आजचा गोल पहिल्याच्या आत आला. बोटभर आत, सगळीकडून.

"बघा," उमा म्हणाली. तिचा आवाज जरा चढा होता.

मला लगेच शंका आली. मी हो म्हटलं तरी ही पेन्सिल थोडी आत घेते की काय? मला बरं वाटावं म्हणून? तिचा एक हात पदर सारखा करत होता. मी मोजपट्टी मागितली. तिने ती आणून दिली, आणि दोन कप भरायला आत गेली.

पट्टी हातात घेऊन भिंतीपर्यंत गेलो. उभा राहिलो. मग ती टेबलावर ठेवली, प्रोजेक्टर बंद केला, आणि आजच्या गोलाशेजारी माझ्या हाताने लिहिलं, पास.